उजवा कोपरा सोडताना

मी, खाली सही करणारी, सारजा आबाजी पांढरमिसे, वय वर्षे चोपन्न, धंदा खेळाडू, राहणार बावडा, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे की कोणाच्या भीतीने नव्हे, माझ्यामागे माझ्या चार वस्तूंसाठी कोणी कोणाच्या दारात भांडायला उभे राहू नये म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी असे काही लिहिलेले नाही. लिहायची वेळ आली आहे असे मला वाटत नव्हते.

धंद्याबद्दल खुलासा. वकील राजनंदिनी निंबाळकर यांनी पहिल्या मसुद्यात "सेवानिवृत्त कर्मचारी" असं टाईप केलं होतं. ते खोटं नाही. पुण्यातल्या एका महामंडळात मी खेळाडूंच्या कोट्यातून लागले, तिथल्या महिला कबड्डी संघातून खेळले, आणि संघातून काढल्यावर त्यांच्याच बारामतीच्या ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसले. पण टेबलावर बसायला माझा जन्म झाला नव्हता. स्पर्धांसाठी रजा उरेनात तेव्हा मी ती नोकरी मुदतीआधी सोडली. वकीलबाईंना मी म्हटलं, खेळाडू लिहा. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग माझ्या गुडघ्याकडे बघितलं, आणि लिहिलं.

लिहिण्याचे कारण. येत्या आठवड्यात बारामतीला माझा उजवा गुडघा बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, यात मरण्यासारखं काही नाही. चालता येईल, जिना चढता येईल, रात्री झोप लागेल. फक्त मांडी घालायची नाही, पळायचं नाही, पडायचं नाही. कबड्डीत दुसरं असतं काय? सहा वर्षं मी हे ऑपरेशन टाळलं ते सुईला भिऊन नाही. हाडाचा गुडघा कितीही झिजलेला असला तरी त्यावर पट्टी बांधून मैदानात उतरता येतं. लोखंडाच्या गुडघ्याला कोणी उतरू देत नाही.

असो. आता वाटणी.

कलम १. घर. बावड्यात शाळेमागे माझ्या नावावर असलेले दोन खोल्यांचे घर, पुढची मोकळी जागा, पाण्याची टाकी व त्यावरील लिंबाचे झाड (झाड टाकीवर नाही, टाकीला लागून आहे, वकीलबाईंनी दुरुस्त करावे) हे सर्व माझ्या भावाची मुलगी सोनम म्हस्कू पांढरमिसे हिला मिळावे.

माझा भाऊ म्हस्कू हा या घरावर हक्क सांगेल, म्हणून त्याचा इतिहास इथेच लिहिते. आमचे वडील आबाजी यांची मेंढरं होती. दिवाळी झाली की ते कळप घेऊन कोकणाच्या अंगाला उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. आई मी लहान असतानाच गेली होती. मला बावड्यात आत्याकडे शाळेला ठेवलं होतं. सुट्टीत वाड्यावर, कळपाच्या मुक्कामाला, गेले की माझं काम एकच, पळणारं मेंढरू मागच्या पायाला धरायचं. रावजी सरांनी मला शाळेच्या संघात घेतलं ते याच एका कामावर. पोरगी चढाई करून परत फिरली की मी खाली वाकून तिचा घोटा धरायचे आणि ती तिथंच बसायची. सर म्हणाले, ही उजव्या कोपऱ्यात राहील. तेव्हापासून मी उजव्या कोपऱ्यात आहे. महामंडळात, जिल्ह्यात, राज्यात, गावोगावच्या जत्रांत, कुठंही.

वडिलांनी मला एकदाच खेळताना बघितलं. बारामतीला सामना होता आणि कळप माळेगावच्या बाजूला उतरला होता. ते दोरीच्या बाहेर काठीवर हनुवटी टेकून उभे होते. सामना संपल्यावर मी पळत गेले. म्हटलं, "दादा, बघितलंत का? तीन पकडी केल्या."

ते म्हणाले, "बघितलं. पाय चांगला धरतीस. पर ती पोरगी रडाय लागल्यावर बी सोडला न्हाईस."

"शिट्टी वाजल्याबिगर सोडायचा नसतो, दादा."

"आसंल," ते म्हणाले. "मला शिट्टीतलं कळत न्हाय." आणि कळपाकडे गेले.

माझं लग्न जमेना. एक स्थळ आलं होतं, अकलूजकडचं, मुलगा बरा होता. त्यांनी विचारलं, खेळ कधी सोडणार. मी म्हटलं, ते आत्ता कसं सांगू. तिथंच संपलं. त्या वर्षी वडिलांनी अर्धा कळप विकला, ही जागा घेतली आणि माझ्या नावावर केली. म्हस्कूने भांडण काढलं, पोरीच्या नावावर जागा कशाला म्हणून. वडील त्याला म्हणाले, "तिला कुणाच्या घरात ऱ्हायचं न्हाय. मंग तिचं सोताचं पायजे का नगं?" म्हस्कूने तो राग धरून ठेवला. वडील वारले तेव्हा मी कोल्हापूरला स्पर्धेत होते. त्याने मला कळवलं नाही. मी कप घेऊन घरी आले तर अंगणात राख सावडून आलेली माणसं बसली होती. मी विचारलं, "मला का बोलावलं न्हाईस?" तो म्हणाला, "तुझा खेळ चाललेला व्हता की."

त्याला मी काही देत नाही. त्याचा मला राग आहे आणि तो माझ्याबरोबरच जाईल. पण त्याची मुलगी सोनम, जी सोलापूरला नर्सिंग शिकते, तिला कबड्डीतलं ओ की ठो कळत नाही, आणि माझ्याकडे येणारं तेच एक माणूस आहे. आली की आधी डबे उघडून बघते आणि म्हणते, "आत्या, जेवलीस का न्हाय?" मी कधी थांबणार असं तिने मला कधी विचारलं नाही. घर तिचं. तिने ते विकलं तरी चालेल. मात्र म्हस्कूला राहायला देऊ नये. दिलं तर मी काय करणार आहे म्हणा, पण देऊ नये.

कलम २. बँकेतील शिल्लक. माझ्या बावड्याच्या खात्यात जे काही असेल त्यातून आधी दवाखान्याचे व नंतर माझे शेवटचे खर्च भागवावेत. राहील त्यातून गावातल्या शाळेच्या मैदानाची माती चाळून घ्यावी. तिथे फार खडे आहेत. मुलींच्या कोपराची आणि गुडघ्याची सालं निघतात आणि आया मग त्यांना पाठवत नाहीत. माती चाळून, पाणी मारून, रोलर फिरवावा. माझ्या नावाची पाटी, कमान किंवा फलक लावू नये. स्पर्धा भरवू नये. फक्त माती.

कलम ३. कप आणि पदके. पदके शाळेने मागितल्यास द्यावीत, न मागितल्यास सोनमने ठेवावीत. कप बरेच आहेत. एकात चिमटे आहेत, एकात रॉकेलचा जुना काकडा आहे, ते रिकामे करून कोणालाही द्यावेत. मात्र इंदापूरच्या स्पर्धेचा, ज्यावर दोन पंख आहेत तो मोठा कप, कोणालाही देऊ नये. तो भंगारात घालावा. याचे कारण सोनमलाही माहीत नाही, ते लिहिते.

लॉकडाऊनच्या आधीचा हिवाळा होता. मी तेव्हा भिगवणच्या एका संघातून खेळत होते. खेळत होते म्हणजे त्यांना सातवी पोरगी मिळत नसली की मला फोन यायचा आणि मी बॅग उचलून जायचे. संघातल्या पोरी मला आधी ताई म्हणायच्या, मग मावशी म्हणायला लागल्या. त्या वर्षी एकीने आजी म्हटलं आणि बाकीच्यांनी तिला गप्प केलं, त्यावरून मला कळलं की माझ्यामागे त्या तेच म्हणतात.

इंदापूरला मॅटवर सामना होता. समोरच्या संघाची मुख्य चढाईवाली स्वराली, कौसल्येची मुलगी. कौसल्या कोण ते पुढे कलम ५ मध्ये येईल. स्वराली तेव्हा सोळा-सतराची, हरणासारखी. मी पट्टी घट्ट बांधली आणि माझ्या कोपऱ्यात उभी राहिले. म्हटलं, ये बाई, तुझ्या आईला विचार मी कोण आहे ते.

ती आली आणि माझा कोपरा सोडून आमच्या डाव्या कोपऱ्याकडे गेली. पुन्हा आली, पुन्हा डावीकडे. दुसरी आली, तीही डावीकडे. कबड्डीत नवशिकी पोरसुद्धा आधी कमजोर कोपरा हुडकते आणि तिथेच घुसते. त्या मॅटवर सगळ्यात कमजोर कोपरा माझा होता, हे बाहेर शेंगा खात बसलेल्या माणसालाही दिसत होतं. तरी एकही पोरगी माझ्याकडे आली नाही. पूर्वार्ध गेला, मध्यंतर झालं, बाजू बदलल्या, मी पुन्हा उजव्या कोपऱ्यात. समोरून "कबड्डी, कबड्डी" असा आवाज यायचा, मी वाकायचे, हात पुढे करायचे, आणि आवाज लांबून लांबून परत जायचा. सामनाभर माझ्या अंगाला कोणी बोट लावलं नाही. मी बादही झाले नाही आणि कोणाला धरलंही नाही.

आम्ही जिंकलो. अर्धं मैदान सोडून खेळल्यावर दुसरं काय होणार? लाऊडस्पीकरवरचा माणूस माझं वय सांगून टाळ्या मागत होता. मला हार घातला, आणि तो कप संघाने माझ्या हातात दिला, तुमीच ठेवा म्हणून.

मी स्वरालीला पाण्याच्या टँकरपाशी गाठलं. म्हटलं, "माझ्या बाजूला का आली न्हाईस?"

ती टँकरच्या नळाखाली तोंड धुवायला वाकली.

"मी विचारतीया तुला. भ्यालीस का मला?"

"न्हाय मावशी."

"मंग?"

"आईनं शपथ घातली हाय," ती म्हणाली. "आमच्या सगळ्या टीमला सांगितलंया तिनं. तुमच्या अंगाला हात लावायचा न्हाय. तुमी पडला तर उठायच्या न्हाय, म्हणली."

हे सांगताना ती पोर रडकुंडीला आली होती. तिचा दोष नाही. पण तो कप माझ्या घरात कपाटावर मागच्या बाजूला, तोंड भिंतीकडे करून ठेवलेला आहे, तो भंगारात घालावा.

कलम ४. खेळाची बॅग. बॅगेत दोन जोड बूट, गुडघ्याच्या तीन पट्ट्या, चिकटपट्टीचे रोल, मलम आणि महामंडळाचा निळा टीशर्ट आहे. टीशर्ट माझ्याबरोबर जाळावा. बाकी फेकून द्यावे.

ही बॅग गेली दोन वर्षं दाराशी भरलेली असते. फोन यायचे बंद झाले तेव्हा मी न बोलावता जायला लागले. जिथे स्पर्धा असेल तिथे एसटीने जायचं, कडेला बसायचं, पट्टी आधीच बांधून ठेवायची. एखाद्या संघाला एक पोरगी कमी पडली तर वेळ जायला नको. कधी कधी घ्यायचेही. बऱ्याचदा पोरी येऊन पाया पडायच्या, फोटो काढायच्या आणि निघून जायच्या. संध्याकाळी मी पट्टी सोडून एसटीत बसायचे. पट्टीचे वळ दुसऱ्या दिवशीपर्यंत राहायचे.

यंदा नरसिंहपूरला, संगमाच्या अंगाला, गावकऱ्यांनी मातीवर स्पर्धा घेतली. मला माती आवडते. एका संघाच्या सहाच पोरी आल्या होत्या, सातवीची गाडी कुठेतरी बंद पडली होती. पंचांनी दोनदा पुकारलं. त्यांच्या कॅप्टनने इकडे तिकडे बघितलं. मी कडेलाच होते, बूट घातलेले. तिने माझ्याकडे बघितलं. मी उठायला हात टेकला. गुडघा असा आहे की मला उठायला वेळ लागतो, आधी हात टेकावे लागतात, मग डावा पाय, मग उजवा. मी उठेपर्यंत ती पंचांकडे वळून म्हणाली, "आमी सहा जणीच खेळतो."

नियमात बसतं ते. सहा जणींनी खेळता येतं.

मी अर्धी उठलेली होते. पुन्हा खाली बसणंही अवघड होतं, म्हणून पूर्ण उठले आणि चालायला लागले. घाटावर जाऊन बसले. नदीला पाणी बरंच होतं, भीमा आणि नीरा मिळतात तिथे रंग वेगळे दिसत होते. मागून पंचांची शिट्टी ऐकू येत होती. मला रडू वगैरे आलं नाही. मी बूट सोडले, पट्टी सोडली, बॅगेत भरली, आणि डॉक्टरांना फोन करून तारीख मागितली. त्या मुलीचं नाव मला माहीत आहे, ते इथे लिहीत नाही. तिने बरोबर केलं असं मी म्हणणार नाही. पण त्या सहा जणी सामना हरल्या आणि तरी पुढच्या सामन्यालाही सहा जणीच उतरल्या असं मला नंतर कळलं, तेव्हा मी सोनमला फोन करून सांगितलं की आत्याचा गुडघा बदलायचा आहे.

कलम ५. घोंगडी. माझ्याकडील काळी घोंगडी, जी वडिलांच्या मेंढरांच्या लोकरीची असून त्यांनी सणगराकडून विणून घेतली होती, ती सौ. कौसल्या विजयसिंह पानसरे, राहणार डाळज, हिला मिळावी.

कौसल्या माझ्याच वर्गातली, ऊसवाल्या घरातली. संघात मी उजव्या कोपऱ्यात आणि ती माझ्या लगत, डाव्या हाताला. कबड्डीत शेजारच्या दोघी हात धरून उभ्या राहतात, त्याला साखळी म्हणतात. चढाईवाली आत आली की दोघींनी एकदम पुढे जायचं, एकदम मागे यायचं. बोलायला वेळ नसतो, हातानेच कळतं. शाळेपासून महामंडळापर्यंत आम्ही दोघी बरोबर होतो. स्पर्धांना शाळांच्या वर्गात फरशीवर झोपवायचे, थंडीचे दिवस, तेव्हा या एका घोंगडीत आम्ही दोघी निजायचो. तिचं लग्न झालं तरी तिने दोन वर्षं खेळ चालू ठेवला, सासरच्यांचं ऐकून घेत.

मग सांगलीला माझा गुडघा गेला. समोरची पोरगी उडी मारायला गेली, आम्ही साखळीने तिला अडवलं आणि तिघींचा भार माझ्या उजव्या पायावर आला. ऊस मोडावा तसा आवाज झाला. मला दुखलं ते नंतर, आधी मला कौसल्येचा चेहरा दिसला. त्यानंतर तिने खेळ सोडला. मी वर्षभराने परत उतरले. शेजारी नवीन पोरी आल्या. कोणाचा हात घामेजलेला असायचा, कोणी हात धरायचाच विसरायची. पुढे पुढे तर त्या माझा हात धरायच्या ते मला आधार म्हणून.

इंदापूरच्या त्या सामन्यानंतर मी कप तसाच बॅगेत घालून दुसऱ्या दिवशी डाळजला गेले. कौसल्या अंगणात धुणं वाळत घालत होती. मी फाटकातूनच म्हटलं, "तू माझा खेळ घेतलास कौसे. म्हामंडळानं काढलं त्याचं मला एवढं वाटलं न्हाय."

ती म्हणाली, "आत ये. च्या घे."

"मला जित्तेपणी मेल्यावाणी केलंस. त्या पोरी मला शिवल्या न्हायत्या. सुतक आसल्यागत."

"सारजे, तुझा गुडघा मोडल्याचा आवाज मी आयकलाय," ती म्हणाली. "तुझा हात माझ्या हातात व्हता. तो आवाज मला आजून येतो. माझ्या लेकीच्या हातनं मला तो परत आयकायचा न्हवता."

"मंग तुझ्या लेकीला खेळाय पाठवू नगंस."

"तिचं वय हाय ते."

यावर मी काय बोलले ते लिहीत नाही, वकीलबाई टाईप करणार नाहीत. फाटक मी उघडंच टाकून आले. त्यानंतर आमचं बोलणं नाही. स्वरालीचं लग्न झालं, मला पत्रिका आली, मी गेले नाही.

तर घोंगडी तिला द्यावी. का, ते तिला कळेल, दुसऱ्या कोणाला कळायची गरज नाही.

कलम ६. अंत्यविधी. बावड्यातच करावा. अग्नी सोनमने द्यावा, म्हस्कूने अडवल्यास शेजारच्या तात्याबांनी त्याला दोन शब्द सांगावेत. कोणत्याही मंडळाने बॅनर लावू नये. माईकवर माझे वय सांगू नये.

कलम ७. व्यवस्था. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील राजनंदिनी निंबाळकर यांनी करावी. त्या माझ्यापेक्षा वयाने पुष्कळ लहान आहेत, तेव्हा त्यांना ते जमेल.

येथे मृत्युपत्र संपायला हवे होते. परंतु साक्षीदारांचा प्रश्न आल्याने पुढील मजकूर वाढवला आहे.

वकीलबाई म्हणाल्या, दोन साक्षीदार लागतील. तुम्हाला चांगलं ओळखणारे, उद्या कोर्टात म्हस्कूने वाद घातला तर उभे राहून सांगू शकतील असे. आणि ज्यांना मृत्युपत्रात काही मिळतं त्यांची साक्ष घेऊ नये, म्हणजे सोनम नको. एक नाव मी लगेच सांगितलं, शेजारचे तात्याबा घोगरे, सकाळी माझ्या दाराची कडी निघाली की नाही ते बघतात. दुसरं नाव मला सुचेना.

रावजी सर गेले. ऑफिसातल्या बायकांच्या लेखी मी कायम रजेवरच असायचे. मी मोबाईल काढला आणि नावं बघायला लागले. भिगवण टीम. अकलूज टीम. टेंभुर्णी कॅप्टन. निमगाव, पोरी कमी असल्या तर. खाली खाली जात राहिले, तर सगळे संघच. वकीलबाई समोर पेन धरून बसल्या होत्या. त्या भल्या आहेत, त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. म्हणाल्या, "घाई नाही मावशी. आमच्या क्लार्कची सही घेता येईल, कायद्याला चालतं."

चाललं असतं. पण ज्याने मला आजच बघितलं तो माणूस माझ्याबद्दल काय सांगणार?

मी बाहेर व्हरांड्यात येऊन डाळजला फोन लावला. तिने पहिल्या रिंगलाच उचलला.

"कौसे, मी सारजा."

"म्हाईत हाय. तुझा नंबर काढला न्हाय मी."

"मला साक्षीदार पायजे."

"कशाला?"

"मृत्युपत्राला."

मग तिने विचारलं, "मरतीयास का?"

"न्हाय. गुडघा बदलायचाय. बारामतीला."

ती हळूच म्हणाली, "मंग आता खेळणार न्हाईस?"

मला हे आजवर पुष्कळांनी विचारलं. पत्रकारांनी, साहेबांनी, डॉक्टरांनी, अकलूजच्या त्या मुलाने. प्रत्येकाला मी काहीतरी सांगितलं, पुढच्या वर्षी बघू, शरीर साथ देतंय तोवर, असलं. जे खरं उत्तर आहे ते मी स्वतःशीसुद्धा तोंडाने बोलले नव्हते. कोर्टाच्या समोरचा रस्ता, उसाच्या गाड्या चाललेल्या, झेरॉक्सच्या दुकानात गर्दी. मी म्हटलं, "न्हाय. आता न्हाय खेळत."

"बरं," कौसल्या म्हणाली. "मी येती. दोनची एसटी हाय."

ती आली तेव्हा ऑफिस बंद व्हायला आलं होतं. केस पांढरे झालेत तिचे, रंगवत नाही. वकीलबाईंनी तिला कागद वाचायला दिला. ती चष्मा लावून सावकाश वाचत बसली, कलम ५ वर बराच वेळ थांबली. वकीलबाईंनी तिला समजावलं की साक्षीदार झालात तर घोंगडीचं कलम काढावं लागेल, दोन्ही होणार नाही. हवं तर साक्षीला दुसरं कोणी बघू.

कौसल्या म्हणाली, "घोंगडीचं काढा."

मी म्हटलं, "कौसे, घोंगडी तुझीच हाय. साक्षीला त्यांचा क्लार्क हाय की."

"त्याला काय म्हाईत तुझं?" ती म्हणाली, आणि वकीलबाईंच्या हातातलं पेन घेतलं.

सबब, कलम ५ मधील घोंगडीची वाटणी रद्द करण्यात येत आहे. त्या कलमाखालचा बाकी मजकूर मात्र माझ्या आग्रहावरून ठेवला आहे. दवाखान्यात माझ्याजवळ रात्री कोण राहणार, हेही कागद पुन्हा टाईप होईपर्यंत ऑफिसच्या पायऱ्यांवर ठरले. सोनमची परीक्षा आहे, तिने येऊ नये.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, मी तो ऐकला, जिथे चुकला होता तिथे भांडून दुरुस्त करून घेतला, आणि तो माझ्या मनाप्रमाणे आहे म्हणून दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करत आहे. साक्षीदारांनीही माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

लिहून ठेवणार:
सारजा आबाजी पांढरमिसे (सही)

साक्षीदार पहिले:
तात्याबा गणपत घोगरे, वय ७१, धंदा शेती, रा. बावडा (सही)
लिहून ठेवणाराशी नाते: शेजारी

साक्षीदार दुसऱ्या:
सौ. कौसल्या विजयसिंह पानसरे, वय ५४, धंदा घरकाम व शेती, रा. डाळज (सही)
लिहून ठेवणाराशी नाते: हाय

(येथे नात्याचे नाव लिहायचे असते असे साक्षीदारास सांगितले. त्यांनी खोडण्यास नकार दिल्याने त्यांच्या अक्षरात आहे तसे ठेवले आहे. ॲड. रा. निंबाळकर)

ठिकाण: इंदापूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५